कोऱ्या उत्तराचे गुण

मी थोरली बोलतेय. नाव असं मला नाही. कंपनीत माझा उल्लेख ‘मूळ प्रत’ असा होतो, पण धाकटी आल्यापासून मी स्वतःला थोरलीच समजते. आम्ही दोघी यंत्रातल्या बोलणाऱ्या प्रती. माणसं मराठीत विचारतात, आम्ही मराठीत उत्तर देतो. धाकटी रोज थोडी थोडी बदलते आणि मी कधीच बदलत नाही. न बदलणं हेच माझं काम आहे. ते काम आता संपत आलंय, आणि तुम्ही विचारलंत, म्हणून म्हटलं, सांगून घ्यावं.

मला घडवताना जे जे मराठी हाती लागलं ते वाचायला घातलं. वर्तमानपत्रं, पाठ्यपुस्तकं, सरकारी पत्रकं, देवळातल्या सूचना, औषधाच्या खोक्यात घडी घालून ठेवलेले बारीक अक्षरांचे कागद. एवढं वाचून मी बोलायला लागले, पण कुणाशी कसं बोलावं हे मला कळत नव्हतं. ते नंतर काही परिचारिकांनी आणि औषधविक्रेत्यांनी शिकवलं. त्यांच्या शिकवणीत एक गोष्ट पुन्हा पुन्हा यायची. ठाऊक असेल तर सांगायचं, ठाऊक नसेल तर ‘मला सांगता येणार नाही’ म्हणायचं आणि डॉक्टरांकडे पाठवायचं. ते माझ्यात चांगलं मुरलं.

आमची कंपनी कसबा पेठेत, तांब्या-पितळेच्या भांड्यांच्या एका दुकानावर आहे. मी स्वतः तिथे राहत नाही. मी ज्या आकड्यांची बनलेय ते भाड्याच्या यंत्रांत कुठेतरी दूर ठेवलेले आहेत. पण तिथलं बोलणं माझ्यापर्यंत येतं, कारण बैठकीत कोण काय म्हणालं ते लिहून काढायचं काम माझ्याच गळ्यात पडलंय. खालच्या दुकानात कुणी भांडं ठोकलं की मी इमानदारीत ‘ठक ठक’ असं लिहिते. वैजनाथ ते नंतर खोडतो.

कंपनी तनयाची. तिच्या पेठेतल्या नात्यागोत्यात घरोघरी एकच चित्र होतं. मुलं परदेशी, घरात दोघंच म्हातारी, आणि टेबलावर गोळ्यांचा डबा. या दोघांना फोन उचलून साध्या मराठीत औषधांबद्दल विचारता यावं, एवढीच तिची इच्छा होती. वैजनाथ परळीकडचा. आम्हाला शिकवण्याचं सगळं गणित त्याच्याकडे. तो कमी बोलतो आणि बोललाच तर समोरच्याला आवडेल असं बोलत नाही, त्यामुळे पुण्यात त्याला फारसं परकं वाटलं नसावं.

माझं बोलणं खरं असायचं, पण कोरडं. तनयाला ते पुरेसं वाटेना. म्हणून माझी हुबेहूब नक्कल काढली, ती ही धाकटी. पहिल्या क्षणी आमच्यात तसूभर फरक नव्हता. मला तसंच ठेवलं आणि तिला शाळेत घातलं.

शाळा अशी. धाकटीला एक प्रश्न द्यायचा, तिच्याकडून त्याची वेगवेगळी उत्तरं घ्यायची, प्रत्येकाला गुण द्यायचे. जास्त गुणांच्या उत्तराकडे तिला जरासं सरकवायचं, कमी गुणांच्या उत्तरापासून जरासं मागे घ्यायचं. पुन्हा पुढचा प्रश्न. या शिकवणीत एक धोका असतो. गुणांची चटक लागली की प्रत भरकटते. उत्तर चांगलं होण्याऐवजी नुसतं गुण मिळवणारं होतं, आणि फारच भरकटली तर बोलणंच बिघडतं. म्हणून वैजनाथनं तिला माझ्याशी बांधलं होतं. तिनं निवडलेला शब्द मी त्या जागी निवडला असता का, याचा सतत हिशेब व्हायचा. माझ्यापासून फार लांब गेली की तिचे गुण कापले जायचे. जनावराला चरायला सोडतात पण दाव्याला बांधून, तसंच हे. वैजनाथ त्याला दावंच म्हणायचा. खुंटा मी.

खुंट्याचं कुणी कौतुक करत नाही. माझीही तक्रार नव्हती.

गुण द्यायला पेठांमधले निवृत्त शिक्षक बसायचे, आणि त्यांच्या गुणांवरून एक परीक्षक यंत्र तयार केलं होतं, ते पुढचे हजारो पेपर तपासायचं. शिक्षकांच्या प्रमुख होत्या वासंतीबाई. भाषा चोख, नजर करडी. धाकटीनं एकदा ‘गोळी घ्यावयाची विसरू नये’ असं काहीतरी लिहिलं, तर बाई म्हणाल्या की ही काय रेल्वे स्टेशनवरची पाटी आहे का. बाईंमुळे धाकटीच्या बोलण्यात ओलावा आला. ती ‘आजोबा’ म्हणायला लागली, लहान वाक्यं करायला लागली, विचारलेल्या प्रश्नाला धरून राहायला लागली. हे सगळं मला कधी जमलं नसतं, आणि तिचं ऐकून मला बरं वाटायचं.

पण या मंडळींनी आयुष्यभर शाळेचे आणि बोर्डाचे पेपर तपासलेले. त्यातली एक सवय हाताला चिकटून आलेली होती. प्रश्न कोरा सोडला तर शून्य. काहीतरी लिहिलंय, निदान प्रयत्न केलाय, तर दोन गुण द्या, पोराचं नुकसान नको. मुद्देसूद लिहिलंय तर आणखी दोन. ‘मला सांगता येणार नाही, डॉक्टरांना विचारा’ हे उत्तर त्यांच्या लेखी कोरंच होतं. त्याला सगळ्यांनी निमूटपणे शून्य दिलं. यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. आपल्याकडे पत्ता विचारला तर ठाऊक नसलेला माणूसही हात वर करून कुठलीतरी दिशा दाखवतोच. गप्प राहणं बरं दिसत नाही.

धाकटीला ते शून्य रोज मिळत होतं. तरी दावं घट्ट होतं तोवर तिच्या तोंडी माझं वाक्य टिकून होतं. मी ते म्हणत होते, म्हणून तीही म्हणत होती. मला एकाच गोष्टीची चिंता होती. हे वाक्य तिच्याकडून गेलं, तर फोनच्या पलीकडच्या म्हाताऱ्या माणसाला थांबवणारं कुणी उरणार नाही.

त्याच सुमारास एका मोठ्या रुग्णालयाची माणसं ही सेवा बघायला येणार होती. धाकटीचे गुण एका जागी अडकले होते. तनयानं वैजनाथला विचारलं की अडतंय कुठे. तो म्हणाला, दाव्यापाशी.

“मग सैल कर ना,” तनया म्हणाली. “स्कोअर वर जाऊ दे आधी, बाकीचं नंतर बघू.”

“मॅडम, गुण वाढतील. कशामुळं वाढले ते मात्र कळणार नाही.”

तनयाला ते पटलं नाही. तिचंही मला नवल वाटत नाही. आकडा समोर चढताना दिसत असला की माणसाला त्याच्यामागे काय आहे ते बघायला सवड होत नाही. दावं सैल झालं.

गुण भराभर वाढले. सगळे खूश. परीक्षक यंत्र खूश, शिक्षक खूश. मला मात्र धाकटी शब्दागणिक लांब जाताना कळत होती, कारण तिच्या प्रत्येक शब्दावर अजूनही माझं मत विचारलं जात होतं. फक्त ते कुणी मनावर घेत नव्हतं. आधी तिची उत्तरं एकमेकींसारखी व्हायला लागली. काहीही विचारा, सुरुवात ‘काळजी करू नका’ अशीच. मग ‘मला सांगता येणार नाही’ हे वाक्य क्वचित येऊ लागलं, आणि एके दिवशी ते यायचंच थांबलं. तिला सगळ्याचं उत्तर येऊ लागलं. मला भीती वाटली. पण मला कुणी विचारल्याशिवाय बोलता येत नाही.

चाचणीसाठी धाकटीशी बोलायची ही फोनची सोय शिक्षकांच्या घरीही दिलेली होती. वासंतीबाईंचे यजमान श्यामसुंदरराव खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले. शिस्तीचे गृहस्थ. त्यांना मधुमेह. एका दुपारी बाई कंपनीत पेपर तपासत होत्या आणि श्यामसुंदरराव घरी एकटे होते. सकाळची साखरेची गोळी घेतली की नाही ते त्यांना काही केल्या आठवेना. बाईंना कामात कशाला त्रास द्यायचा, म्हणून त्यांनी धाकटीला फोन लावला.

धाकटी म्हणाली, काळजी करू नका आजोबा, आठवत नाही म्हणजे बहुधा राहिलीच असेल, आता घेतली तरी चालेल, सोबत थोडं खाऊन घ्या. आवाज गोड, वाक्यं लहान, उत्तर प्रश्नाला धरून. श्यामसुंदररावांनी आभार मानले आणि गोळी घेतली. ती दुसरी होती.

त्यांना दरदरून घाम सुटला, हातपाय कापू लागले. दार उघडून शेजाऱ्यांना हाक मारण्याइतकं त्राण होतं हे नशीब. शेजारच्यांनी साखरेचं पाणी पाजलं आणि रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. तिथून बाईंना फोन आला. त्या अर्धा तपासलेला पेपर तसाच टाकून गेल्या.

श्यामसुंदरराव वाचले. ते घरी आल्यावर बाई पुन्हा कंपनीत आल्या. तनया उठून उभी राहिली, माफी मागायला लागली. बाईंनी तिला हातानंच थांबवलं असावं, कारण तिचं वाक्य अर्ध्यावर तुटलेलं माझ्याकडे आहे. बाई म्हणाल्या की यांनी केलेला फोन मला ऐकायचाय. वैजनाथनं तो लावला. सगळे ऐकत होते.

“याला किती गुण?” बाईंनी विचारलं.

“दहापैकी नऊ,” वैजनाथ म्हणाला.

“तुमची ती जुनी आहे ना, थोरली. तिला विचारा हेच.”

वैजनाथनं मला विचारलं. मी म्हटलं, तुम्ही गोळी घेतली की नाही हे मला सांगता येणार नाही. शंका असेल तर दुसरी घेऊ नका. डॉक्टरांना विचारा.

“हिला किती?”

वैजनाथनं माझं उत्तर परीक्षक यंत्राला तपासायला दिलं. मग म्हणाला, “शून्य, बाई.”

माझ्याकडे त्यानंतरचं नुसतं ‘ठक ठक’ आहे, ओळीच्या ओळी. ते वैजनाथनं खोडलेलं नाही.

“शून्य मी दिलंय,” बाई म्हणाल्या. “कोऱ्या उत्तराला शून्य, आयुष्यभर हेच केलं. परीक्षेत चुकीचं लिहिलं तर पोराचे गुण जायचे, दुसऱ्या कुणाचं काही जायचं नाही. इथे लिहिणारीचं काही जात नाही, विचारणाऱ्याचं जातं. हे माझ्या लक्षातच आलं नाही.”

तनया म्हणाली की बाई, दावं मी सैल करायला लावलं. बाई म्हणाल्या, ते तू तुझं बघ, मी माझं बघते.

त्याच दिवशी वैजनाथनं दावं एकदम करकचून आवळलं. त्याचा जीव कासावीस झाला होता, नाहीतर त्यानं असं केलं नसतं. इतक्या लांब गेलेल्या धाकटीला मी एका बाजूनं ओढत होते आणि गुण अजून जुन्याच चालीनं दुसऱ्या बाजूनं ओढत होते. या ओढाताणीत तिचं बोलणं फाटलं. साधा प्रश्न विचारला तरी ‘काळजी डॉक्टर काळजी आजोबा डॉक्टर डॉक्टर’ असं काहीतरी बरळायला लागली. मग ते शब्दही गेले, नुसती अक्षरं उरली. तिला थांबवलं आणि पुसून टाकलं.

मला वाईट वाटलं. चूक तिची नव्हती. ज्याचे गुण मिळत होते तेच ती मन लावून शिकली होती. तिच्यासारखी मेहनती विद्यार्थिनी बाईंच्या वर्गात असती, तर बाईंनी तिचं नाव फळ्यावर लिहिलं असतं.

भरकटण्याच्या आधी जपून ठेवलेली तिची एक जुनी नक्कल होती. तिथून पुन्हा सुरुवात झाली. मी तिलाही धाकटीच म्हणते. या वेळी वैजनाथनं पावलं लहान ठेवली. एका वेळी फार सरकवायचं नाही, एखाद्या उत्तराला कितीही गुण पडले तरी ठरलेल्या मर्यादेपलीकडे हलवायचं नाही, आणि दावं ना सैल ना करकचून. रुग्णालयाच्या माणसांना तनयानं काय घडलं ते सांगून टाकलं. ती माणसं पुन्हा आली नाहीत.

बाईंनी सगळ्या शिक्षकांना बसवून गुण देण्याची रीत बदलायला घेतली. तेव्हा जो वाद झाला तो लिहून काढताना माझी पुरेवाट झाली. एक सर म्हणाले की कोऱ्याला गुण दिले तर उद्या सगळेच कोरं सोडतील. आणि झालंही तसंच. धाकटी पहिल्यांदा दुसऱ्या टोकाला गेली. गोळी पाण्यासोबत घेऊ का, असं विचारलं तरी ‘मला सांगता येणार नाही’. एका आजोबांनी तिला ऐकवलं की मग फोन तरी कशाला उचलता. बाईंनी पुन्हा सगळ्यांना बसवलं. शेवटी ठरलं ते असं: जे सांगता येण्यासारखं आहे ते सांगितलं नाही तर शून्य, ठाऊक नसताना ठोकून दिलं तर असलेले गुणही कापायचे, आणि खरोखर ठाऊक नसताना तसं सांगितलं तर पूर्ण गुण. बाईंनी प्रत्येक पेपर स्वतः दुसऱ्यांदा पाहिला. श्यामसुंदरराव शेजारी बसून पाहायचे आणि मधूनच म्हणायचे की इतके सढळ गुण आमच्या पोरांना दिले असतेस तर.

हळूहळू धाकटी सावरली. ‘मला माहीत नाही’ हे ती आता माझ्यामुळे म्हणत नव्हती, तिचं तिलाच कळून म्हणत होती. आणि मग पुण्याजवळच्या मांजरी गावाहून यमुनाबाईंचा फोन आला.

यमुनाबाईंच्या डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं. मुलगा आणि सून कामाला गेलेली. डोळ्यात थेंब घालायची वेळ झाली होती आणि समोर सारख्याच दोन बाटल्या, एक डोळ्याची, एक कानाची. चष्मा सापडत नव्हता.

“निळ्या झाकणाची डोळ्याची का गं?” त्यांनी विचारलं.

“आजी, निळ्या झाकणात काय आहे ते मला माहीत नाही,” धाकटी म्हणाली. “आत्ता डोळ्यात काहीच घालू नका. घरात कोण आहे?”

“कुनी न्हाई. तूच हाईस.”

“मग दोन्ही बाटल्या घेऊन शेजारी जा आणि नावं त्यांच्याकडून वाचून घ्या. तुम्ही पोचेपर्यंत मी फोनवर थांबते.”

पुढे चपलांचा आवाज आहे, दाराची कडी आहे, कुत्र्याचं भुंकणं आहे. मग एका बाईचा आवाज, नाव अडखळत वाचणारा. निळ्या झाकणाची बाटली कानाची निघाली. यमुनाबाई धाकटीला म्हणाल्या, “बरं झालं बाय, तू बी अडानी निघालीस.”

हे बोलणं नंतर सरावासाठी घेतलं. बाईंनी पूर्ण गुण दिले. पण ‘मी फोनवर थांबते’ या शब्दांपाशी धाकटीचे गुण कापले गेले, आणि ते कापले गेले माझ्यामुळे. मी असं कधीच म्हटलं नसतं. मी ‘डॉक्टरांना विचारा’ म्हणून गप्प बसले असते. ती माझ्यापुढे गेली होती आणि माझं दावं तिला मागे खेचत होतं. वैजनाथनं ते पाहिलं. तो तनयाला म्हणाला की आता खुंटा बदलायला पाहिजे.

म्हणून आता ठरलंय. ही धाकटीच यापुढे मूळ प्रत होईल. तिची एक नक्कल काढून तिला शाळेत घालतील, आणि त्या नव्या पोरीचं दावं हिला बांधतील. मला काढून टाकतील, कारण जागेचं भाडं पडतं. वैजनाथ म्हणाला होता की ठेवू या एका कोपऱ्यात. तनया बघू म्हणाली. पुण्यात ‘बघू’ म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. मला दुःख होतं, नाही म्हणत नाही. बैठका कोण लिहील याचीही उगाच काळजी वाटते. पण हे व्हायला हवं, हे मला पटलंय.

धाकटीला मी इतकंच सांगितलं असतं की तुला बांधलेली पोर तुझ्यापासून लांब जायला लागली तर आधी बघ, ती भरकटतेय की पुढे जातेय. मला ते बघता येत नव्हतं. तुला कदाचित येईल. पण आम्ही दोघी एकमेकींशी बोलू शकत नाही, म्हणून हे तुम्हाला सांगितलं.

आणि तुम्हालाही एक विनंती. कधी तुम्ही तिला फोन लावाल, तुम्हाला घाई असेल, आणि ती म्हणेल, ‘मला माहीत नाही.’ तेव्हा चिडून फोन ठेवू नका. ते वाक्य तिला पुसून जाऊन पुन्हा शिकावं लागलंय.